गिझर दर थंडीत ट्रिप होतो, पाणी पुरत नाही, वर बिलही वाढतं... तापमानाचा नॉब नेमका ठेवायचा कुठं?

प्रॉब्लेम असा असतो बघा. दिवाळीपर्यंत गिझर गपगुमान चालतो, कुणाचं लक्षही नसतं त्याच्याकडं, आणि डिसेंबरात थंडी पडली की सगळ्या तक्रारी एकदमच सुरू होतात. पाणी पुरत नाही, तिसरा माणूस आंघोळीला गेला की कोमट. मग कुणीतरी नॉब फुल करतं. फुल केला की थोड्या दिवसांनी गिझर मध्येच बंद, त्याच्यावरचा लाइटच लागत नाही, इलेक्ट्रिशियन येतो, झाकण काढून आतलं कसलंतरी बटण दाबतो, पैसे घेतो आणि जातो, आणि परत काही दिवसांनी तेच. महिनाअखेरीला महावितरणचं बिल आलं की घरातली वडीलधारी मंडळी नॉब पार खाली आणतात, की परत पाणी पुरत नाही, की परत कुणीतरी फुल करतं. फेब्रुवारी संपेपर्यंत हाच खेळ.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, त्यामुळं बिल्डिंगमध्ये आणि पाव्हण्यारावळ्यांत कुणाचं काय बिघडलं की हाक मलाच येते. थंडीत बहुतेक हाका गिझरच्याच. माझं म्हणणं सरळ आहे, नॉब वरखाली करून बिल तुम्हाला वाटतं तेवढं हलत नाही. बिल हलतं ते भिंतीवरचं बटण कधी बंद करता त्यावर. नॉब आहे पाणी पुरावं म्हणून आणि कुणी भाजू नये म्हणून. आणि तो ट्रिप होणारा कटआउट (प्रमाणाबाहेर तापलं की लाइन तोडणारा आतला भाग) बिघडलेला नसतो बऱ्याचदा, त्याचं काम तो बरोबर करत असतो. आता हे नीट सांगतो, जरा लांबेल.

आधी हिशोब, सोपा आहे. किती लिटर पाणी, गुणिले किती अंशांनी तापवायचं, भागिले ८६०, आले युनिट. एवढं पाठ केलं की गिझरबद्दलचे निम्मे वाद घरातच मिटतात. थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी २० अंशाच्या आसपास धरा (सांगलीचं सांगतोय, साताऱ्यात आणि वाई-पाचगणीकडं त्याहून गार असणार), आणि आंघोळीचं पाणी ४० अंश. म्हणजे २० लिटरच्या बादलीला २० अंश वाढ, ४०० भागिले ८६०, अर्ध्या युनिटला जरासं कमी. चार माणसं असली तर दिवसाला दोन युनिटच्या आतबाहेर, महिन्याला ५५-६० युनिट. महावितरणचा घरगुती पहिला स्लॅब १०० युनिटला संपतो आणि दुसरा ३०० ला, म्हणजे थंडीत बिल उडी का मारतं ते कळलं, ही ५५-६० युनिट वरच्या महाग दरात जाऊन बसतात. बादली सोडून शॉवर घेणारी तरुण मंडळी असतील घरात तर अजून वाढवा, पाच-सात मिनिटांच्या शॉवरमध्ये दोन बादल्या सहज जातात.

आता यात गंमत काय आहे, ही ५५-६० युनिट नॉब ५५ वर असला काय आणि ७५ वर असला काय, तेवढीच लागणार. ७५ चं पाणी कडक म्हणून तुम्ही कमी घेता आणि गार जास्त मिसळता, ५५ चं जास्त घेता, बादलीत शेवटी ४० च होणार ना. आंघोळीची उष्णता तेवढीच. मग नॉब कमी केल्यावर वाचतं काय? एक तर टाकी गरम होऊन नुसती बसलेली असते तेव्हा जी उष्णता बाहेर झिरपते ती. हे झिरपणं आतल्या पाण्यात आणि बाथरूमच्या हवेत फरक किती त्यावर असतं. हवा २२ अंश असेल तर ७५ ला फरक ५३ चा, ५५ ला ३३ चा, म्हणजे झिरपणं साधारण एक तृतीयांशाने कमी. गिझरवर जे स्टार असतात ते याच झिरपण्याचे असतात, पाणी किती पटकन तापतं त्याचा त्या स्टारशी संबंध नाही. त्यामुळं ५ स्टार घेतला म्हणून आंघोळ स्वस्तात होते असं काही नाही, तो फक्त गरम पाणी जास्त वेळ गरम ठेवतो.

आणि दुसरं, जे बिलात खरं दिसतं, ते उरलेलं पाणी. शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर येतो, त्यानं जेवढं गरम पाणी घेतलं तेवढं गार आत आलेलं असतं, आणि बटण चालूच. आता गिझर इमानदारीत पूर्ण टाकी परत तापवतो, कुणासाठी? कुणासाठीच नाही. २५ लिटरची टाकी २० वरून ७५ ला न्यायला १.६ युनिट लागतात, म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या आंघोळीएवढीच वीज परत गेली, आणि ते पाणी दिवसभर निवत बसतं. चांगल्या इन्सुलेशनची टाकी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं बरंचसं शिल्लक असतं, जुनी असेल तर विसरा. म्हणून नियम एकच, शेवटचा माणूस बाथरूममध्ये शिरायच्या आधी बटण बंद. टाकीत जे तापलेलं आहे त्यात त्याची आंघोळ आरामात होते, २५ लिटर ५५ अंशाला असेल तर मिसळून ३५-४० लिटर आंघोळीचं पाणी होतं. शॉक बसायची भीतीही नाही, खरं तर प्रत्येकानंच बटण बंद करून आंघोळीला जावं पण चार जणांच्या घरात सकाळी सात वाजता हे कोण पाळणार.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला सगळीकडं फिरत असतो, की गिझर १२० फॅरनहाइटवर म्हणजे आपल्या ४९ अंशावर ठेवा, वीज वाचते. सल्ला चुकीचा नाही पण तो त्यांच्या टाकीसाठी आहे. त्यांच्याकडं दीडशे-दोनशे लिटरची टाकी चोवीस तास चालू असते, भांडी-कपडे सगळं त्याच पाण्यावर, तिथं झिरपणं हाच मोठा खर्च. आपल्याकडं १५ किंवा २५ लिटरची टाकी, सकाळी दीड-दोन तास चालू. इथं नॉब ४९ ला आणला तर बचत चिमूटभर आणि तिसऱ्या माणसाला गार पाणी. १५ लिटरची टाकी ५० ला ठेवली तर त्यातून ४० अंशाचं पाणी होतं जेमतेम २२ लिटर, एक बादली. तीच ६० ला ठेवली तर ३० लिटर. हे आदर्श हिशोब आहेत, खरं थोडं कमीच मिळतं कारण गार पाणी आत शिरताना गरमात मिसळतं. तर पाणी पुरत नाही या तक्रारीचं पहिलं उत्तर हे आहे, टाकी लहान आणि नॉब खाली.

अजून एक कारण आहे फार खाली न आणण्याचं. लेजिओनेला नावाचा एक बॅक्टेरिया असतो, कोमट साठलेल्या पाण्यात वाढतो, साधारण २५ ते ४५ अंशात त्याचं छान चालतं, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. ५० च्या वर त्याची वाढ थांबते पण मरायला तासन्‌तास लागतात, ६० ला लवकर मरतो. म्हणून साठवलेलं गरम पाणी ६० ला ठेवा असा आरोग्यवाल्यांचा सल्ला असतो. आता रोज सकाळी रिकामा होणारा गिझर आणि बादलीतली आंघोळ यात घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण पाहुण्यांच्या बाथरूममधला गिझर जो महिनोन्‌महिने कोमट-गार पडून असतो, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावाला जाऊन आले, तर पहिल्या दिवशी एकदा ६० च्या वर तापवा, नळ सोडून खिडकी उघडी ठेवून बाहेर या, पाणी जाऊ दे, मग वापरा. घरात वयस्कर, दम्याचं, केमो चालू असलेलं कुणी असेल तर रोजचा नॉबही ६० लाच राहू दे.

मग ६० च्या वर का नाही? भाजतं म्हणून. मोठ्या माणसाच्या कातडीला ६० अंशाचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, ६५ चं दोन सेकंदांत, ५५ च्या आसपास अर्धा मिनिट मिळतं, ५० ला पाच मिनिटं. लहान मुलांना याहून खूप लवकर, त्यांची कातडी पातळ. आणि बहुतेक गिझरचा नॉब फुल म्हणजे ७५. म्हणजे फुल नॉबवरचा नळ चुकून सुटला तर हात मागं घ्यायलाही वेळ नाही. त्यामुळं घरात बारकी पोरं असतील तर ५५, नसतील तर थंडीत ६०, याच्या वर जायची गरज सांगलीत कुणाला नाही. साताऱ्यात पहाटे जरा जास्त गारवा असतो, तिथं टाकी मोठी घ्या, नॉब नको वाढवू. आणि बादली भरायची सवय, आधी गार मग गरम. उलटं करू नका. पोरगं वाकून बादलीत हात घालतं किंवा त्यातच बसतं, असं घडतं, आणि घरातले म्हणतात की गार सोडायलाच चाललो होतो. शुगरवाल्या आजी-आजोबांच्या पायाला गरम लवकर कळत नाही, त्यांचं पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपरानं बघावं.

नॉबवर जे आकडे छापलेत त्यावर भरवसा ठेवू नका मात्र. कुठं नुसतंच कमी-जास्त लिहिलेलं असतं, कुठं आकडे असतात पण आतला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला गिझर बंद-चालू करणारा) पाच-सात अंश इकडंतिकडं. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर आणा, मिठाईवाले आणि दूधवाले वापरतात तसला, तापाचा नको, तो ४२ च्या पुढं जातच नाही. गिझर पूर्ण तापून लाइट गेला की गरम नळ सोडा, पाइपातलं गार पाणी जाऊ द्या, मग स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन लगेच मोजा. ६० पाहिजे आणि ६८ येतंय तर नॉब किंचित खाली, आज वापर होऊ दे, उद्या परत मोजा. जमलं की नॉबवर परमनंट मार्करनं रेघ मारा. ज्या गिझरला बाहेर नॉबच नाही त्याचा स्क्रू झाकणाच्या आत असतो, तिथं वीज खेळते, ते काम बोर्डातला एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) पाडून आणि माहीतगार माणसानंच करायचं, यूट्यूब बघून नाही.

आता ट्रिपकडं येऊ. आधी नक्की काय ट्रिप होतंय ते बघा, कारण लोक सगळ्यालाच ट्रिप म्हणतात. बोर्डातला एमसीबी पडतोय का? मग लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याच लाइनवर पाण्याची मोटर किंवा इस्त्री असेल तर पडणारच, आणि ६ अँपिअरच्या प्लगवर गिझर लावला असेल तर (लावतात लोक, भाड्याच्या खोल्यांत सर्रास) आधी ते काढा, १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर पाहिजे. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतोय का? म्हणजे करंट कुठंतरी गळतोय, बहुतेक वेळा एलिमेंटचं (पाणी तापवणाऱ्या आतल्या कॉइलचं) कवच फुटून पाणी आत गेलेलं असतं. हा परत परत वर करून बघायचा नसतो, गिझर बंद ठेवा आणि एलिमेंट बदला. आरसीसीबीच नाहीये बोर्डात? मग बाकी सगळं राहू दे, आधी तो ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा. २०१९ च्या पुरात ज्यांचे बोर्ड आणि अर्थिंगचे खड्डे पाण्याखाली होते त्यांनी तर नक्कीच, नंतर फक्त रंग मारून घेतलेली घरं मी बघितलीत.

एमसीबी, आरसीसीबी दोन्ही जागेवर आहेत, तरीही गिझर बंद, लाइट नाही, म्हणजे आतला थर्मल कटआउट उडालाय. थर्मोस्टॅट हा रोजचा बंद-चालू करणारा, आणि कटआउट त्याच्यावरचा पहारेकरी, पाणी किंवा एलिमेंट प्रमाणाबाहेर तापलं की तो लाइन तोडतो आणि हातानं बटण दाबल्याशिवाय परत जोडत नाही. हातानं दाबायचं ठेवलंय ते मुद्दाम, की कुणीतरी झाकण उघडून बघावं की असं का झालं. आपण काय करतो, दाबतो आणि झाकण लावतो.

का झालं ते ओळखायला परत तोच ८६० चा हिशोब कामाला येतो. २५ लिटर, २० वरून ६० ला, म्हणजे १.१६ युनिट, २ किलोवॅटला ३५ मिनिटं. १५ लिटरला २० मिनिटं. घड्याळ लावून बसा एकदा, सकाळी पूर्ण गार टाकीवर. लाइट वेळेच्या आसपास गेला तर थर्मोस्टॅट शाबूत. तास झाला तरी लाइट जात नाही, नळातून पाण्याऐवजी वाफ फुसफुसतेय, आणि मग कटआउट उडतोय, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत, तो बंदच करत नाहीये. बदला, स्वस्त वस्तू आहे. फक्त व्होल्टेजचं भान ठेवा, जतला, कवठेमहांकाळला, तासगावच्या मळ्याकडं संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या आसपास आलं तर एलिमेंटची ताकद पाऊण होते आणि ३५ मिनिटांची ४५ होतात, तो बिघाड नाही.

उलट प्रकार, पाणी धड तापलेलंही नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत कटआउट उडतो. इथं आपल्या भागात नव्वद टक्के वगैरे आकडा मी सांगणार नाही पण मी जेवढे उघडून बघितले त्यात बहुतेक वेळा क्षारच निघाले. बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्याला जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० अशी आहे, पण काळ्या रानातल्या बोअरचं पाणी बघा, बादलीला आठवड्यात पांढरा थर, साबणाला फेस नाही. असं पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडून एलिमेंटवर बसतो, आणि जितकं जास्त तापवाल तितका जास्त बसतो, ६० च्या वर तर फारच जोरात. थर बसला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, तो आतल्या आत लाल होतो, शेजारचा कटआउट तापतो आणि उडतो. गिझर तापताना तडतड-गुरगुर आवाज करतो का ऐका, करत असेल तर हेच आहे. म्हणजे बघा कसं चक्र आहे, पाणी पुरत नाही म्हणून नॉब फुल केला, फुल केल्यामुळं क्षार भराभर बसले, क्षारांमुळं तापायला वेळ लागायला लागला आणि टाकीत तळाला गाळ साठून जागाही कमी झाली, म्हणून पाणी अजूनच पुरेना. नॉब ७५ वरून ५५-६० ला आणण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हा आहे, वीज नंतर.

साफसफाई वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, बोअरचं पाणी असेल तर दोनदा. एमसीबी बंद, पाणी पूर्ण गार होऊ द्या, इनलेटचा (गार पाणी आत येतं तिथला) कॉक बंद, टाकी रिकामी करा, खालची प्लेट खोलून एलिमेंट बाहेर काढा. थर खरवडायला स्क्रूड्रायव्हर नका घालू, कवचाला चीर पडते. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं, ते गरम पाण्यात कालवून त्यात एलिमेंट बुडवून ठेवा, किंवा व्हिनेगर. संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतणारे महाभाग आहेत, आतलं कोटिंग खाऊन टाकतं ते, वर्षभरात टाकी गळायला लागते. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः गंजून झिजते, ती पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला. प्लेट बसवताना गॅस्केट नवीन. आणि सगळं झाल्यावर आधी टाकी पाण्यानं भरून गरम नळातून सलग धार येऊ द्या, मगच बटण. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केला की मिनिटांत जळतो, साफसफाईनंतरचे निम्मे कटआउट यातूनच उडतात.

कटआउटचे दोन टोक थेट जोडून देऊ का म्हणून विचारणारे मेकॅनिक असतात, परत ट्रिपच होणार नाही म्हणतात. खरंय, होणार नाही. पण मग चिकटलेल्या थर्मोस्टॅटला अडवणारं कुणीच उरत नाही, पाणी उकळीच्या पुढं जातं, आणि जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह जर क्षारांनी चोंदलेला असेल तर टाकी फुटते, भिंतीसकट. असल्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

व्हॉल्व्हचं निघालंच म्हणून, तापताना त्यातून थेंब थेंब पडतात आणि लोक फोन करतात की लीक आहे. लीक नाही ते. २५ लिटर पाणी २० वरून ६० ला गेलं की दीड टक्का फुगतं, पेलाभर-दोन पेले पाणी, त्याला वाट पाहिजे. तिथं बारीक नळी लावून खाली सोडा. बूच मारू नका, एम-सील तर अजिबात नाही. सतत धार लागली असेल तेव्हा मात्र दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय, वरच्या मजल्यांवर प्रेशर पंप बसवलेल्या फ्लॅटमध्ये हे दिसतं.

नॉब ६० ला आहे, थर्मामीटरही ६० दाखवतोय, क्षार काढलेत, तरी पाणी पुरत नाही? मग प्लंबिंग बघा. नवीन बाथरूममध्ये इनलेट-आउटलेट उलटे जोडलेले निघतात, गार पाणी वरून पडतं आणि सगळं कोमट करून टाकतं, निळ्या खुणेला गार पाहिजे. मिक्सर नळाचं आतलं कार्ट्रिज गेलं की बंद असतानाही गार पाणी गरमाच्या लाइनीत ढकललं जातं, हे ओळखायला गिझरचा इनलेट कॉक बंद करून गरम नळ सोडा, थोड्या वेळानं धार थांबायला पाहिजे, गार पाणी येतच राहिलं तर ते कुठूनतरी घुसतंय. काही नाही सापडलं तर माणसं जास्त आणि टाकी लहान, दोन आंघोळींच्या मध्ये वीस मिनिटं सोडा. पूर्वी बंबात एक घागर ओतली की दुसरी तापेपर्यंत थांबायचोच ना, चिपाडं संपली की आजी ओरडायची ते वेगळं.

सोलर असलेल्यांनी एक बघा. सोलरच्या टाकीत बॅकअप एलिमेंट असतो, त्याचा थर्मोस्टॅट इन्स्टॉल करणारे ६० ला लावून जातात आणि बटण कायम चालू. मग रात्री वीज टाकी तापवून ठेवते आणि दिवसा सूर्याला तापवायला काही शिल्लकच राहत नाही, फुकटचं ऊन वाया. बॅकअप फक्त ढगाळ दिवसांत, आंघोळीच्या आधी तास-दोन तास. आणि एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात सोलरचं पाणी ७० च्या वर सहज जातं, तिथं भाजण्याचं वर लिहिलेलं सगळं लागू, पोरं असतील तर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गार पाणी आपोआप मिसळून तापमान आवरणारा) बसवून घ्या.

गॅस गिझरवाल्यांना हा नॉबचा हिशोब लागू नाही, तिथं टाकीच नसते, लागेल तेवढंच तापतं. त्यांनी एवढंच करावं, गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर आजच्या आज बाहेर पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत हलवावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी बेशुद्ध पडतो, थंडीत खिडक्या बंद असतात तेव्हाच अशा बातम्या येतात.

मार्च लागला की नॉबवर दुसरी रेघ, ५५ ची. टाकीतलं पाणीच ३० च्या आसपास असतं, १५ लिटर ५५ ला न्यायला तेरा-चौदा मिनिटं पुरतात, अर्धा तास चालू ठेवू नका. ५५ च्या खाली उन्हाळ्यातही नका आणू, बटण लवकर बंद करा, तेवढंच वाचतं.